मोठी मोटर यॉट: मालकी आणि देखभाल

मोटर यॉट म्हणजे शिडाशिवाय, इंजिनावर चालणारी खासगी बोट. त्यातली मोठी कुठली हे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलेलं नाही, नियमाच्या मोजणीने २४ मीटर भरली की ती लार्ज यॉट आणि तिथून पुढे तिला जवळपास जहाजाचेच कायदे लागतात. ब्रिटनने १९९७ मध्ये यासाठी पहिला कोड, म्हणजे नियमावली, काढला, तो सुधारत सुधारत १ जानेवारी २०१९ पासून रेड एन्साइन ग्रुप (ब्रिटन आणि त्याच्या अखत्यारीतल्या प्रदेशांच्या जहाज-नोंदणी कार्यालयांचा गट) यॉट कोड झाला. पेपरात फोटो येतात ते १८० मीटरच्या अझ्झामसारख्या (ल्युर्सन यार्ड, जर्मनी, २०१३) राक्षसी बोटींचे, पण रोजचा धंदा चालतो तो ३० ते ६० मीटरच्या बोटींवर. ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे, आणि बोट बांधण्यापेक्षा ती बांधून झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षं काय काय करावं लागतं त्याबद्दल.

या सगळ्यात दोन आकड्यांना फार महत्त्व. पहिला १२. बारापेक्षा जास्त पाहुणे घेऊन समुद्रात गेलात की बोट प्रवासी जहाजाच्या दिशेने सरकते आणि आगीपासून ते लाइफबोटपर्यंत सगळे नियम कडक होतात, म्हणून ६० मीटरच्या बोटीवरसुद्धा पाहुण्यांच्या खोल्या बहुतेक वेळा सहाच. दुसरा आकडा ५०० ग्रॉस टन. हे वजन नाही बरं का, बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. भाड्याने फिरणारी बोट ५०० च्या वर गेली की सुरक्षा व्यवस्थापनाचा आयएसएम कोड, जास्त शिकलेले अधिकारी, जास्त सर्टिफिकेटं हे सगळं आलंच, त्यामुळे बाजारात बरोब्बर ४९९ टनाच्या बोटींची गर्दी दिसते आणि तो काही योगायोग नाही.

मालक स्वतःच्या नावावर बोट क्वचितच ठेवतो. एका बोटीसाठी एक कंपनी काढायची, ती केमन आयलंड्स, माल्टा, मार्शल आयलंड्स किंवा आइल ऑफ मॅन अशा ठिकाणी नोंदवायची आणि तिथला झेंडा लावायचा हा सर्वसाधारण रिवाज. यात कर वाचवणं आहेच, पण जबाबदारी बोटीपुरती मर्यादित ठेवणं हाही हेतू असतो. युरोपबाहेरच्या मालकाची बोट युरोपियन युनियनच्या पाण्यात व्हॅट न भरता १८ महिने राहू शकते, मग एकदा बाहेर जाऊन यायचं, असले हिशेब सांभाळायला वेगळी माणसं लागतात. झेंड्याबरोबर क्लासही लागतो, म्हणजे लॉइड्स रजिस्टर, एबीएस, रिना यांच्यासारखी संस्था जी बोट नियमाप्रमाणे बांधलीय आणि तशीच ठेवलीय का हे तपासते. क्लास गेला की विमा गेला, आणि विमा नसला की चांगलं बंदर आत घेत नाही.

खर्चाचं म्हणाल तर धंद्यात एक ठोकताळा सांगतात, दरवर्षी बोटीच्या किमतीच्या १० टक्के. नव्या बोटीला तो बराचसा लागू पडतो, जुन्या बोटीला अजिबात नाही, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. वीस वर्षांपूर्वी चार कोटी युरोंना बांधलेली बोट आज एक कोटीत मिळते म्हणून घ्यायची आणि वर्षाला दहा लाख युरो बाजूला काढायचे असं कोणी ठरवलं तर पहिल्याच वर्षी तोंडाला फेस येईल, कारण रंगारी पैसे घेतो चौरस मीटरवर, मरिना (बोटी लावायचं खासगी बंदर) घेते लांबी-रुंदीवर, क्रू लागतो टनावर आणि इंजिनाचे सुटे भाग आजच्या भावाने येतात. किंमत उतरली तरी यातलं काहीच उतरत नाही. उलट पाइप, वायरी, पंप, एसी सगळं एकाच वयाचं असल्याने एकाच वेळी म्हातारं होतं.

एरवी हे हिशेब कोणी उघड करत नाही, पण अमाडिया या बोटीमुळे ते कोर्टाच्या कागदावर आले. १०६ मीटरची ही ल्युर्सनची बोट रशियन अब्जाधीश सुलेमान केरिमोव यांची आहे असं म्हणत अमेरिकेने ती २०२२ मध्ये फिजीमधून ताब्यात घेतली (दुसऱ्याच एका रशियन उद्योजकाने मालकीचा दावा केला, ते भांडण वेगळं) आणि सॅन डिएगोला नेऊन बांधली. मग सरकारनेच कोर्टात सांगितलं की ही परवडत नाही, विकू द्या. महिन्याला साधारण ६ लाख डॉलर चालू खर्च, त्यात ३ लाख ६० हजार क्रूचे पगार, ७५ हजार इंधन, १ लाख ६५ हजार दुरुस्ती, कचरा, जेवणखाण वगैरे, आणि त्याशिवाय विम्याचे महिन्याच्या हिशेबाने १ लाख ४४ हजार आणि ड्राय डॉकसारख्या (बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्ती) खास खर्चाचे १ लाख ७८ हजार. एकूण ९ लाख २२ हजार डॉलर, आणि बोटीवर पाहुणा एकही नाही! जागेवर उभ्या असलेल्या बोटीला महिन्याला ७५ हजाराचं इंधन कशाला असा प्रश्न पडणं साहजिक आहे, त्याचं उत्तर जनरेटर.

जनरेटर मोठ्या यॉटवर जवळजवळ कधीच बंद होत नाही, धक्क्यावर पुरेशी वीज मिळाली तरच. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे दोन जनरेटर आलटून पालटून चालवले तरी प्रत्येकी चार हजारावर तास पडतात, आणि मुख्य इंजिनं बिचारी वर्षाला काहीशे तासच चालतात. एवढी वीज मुख्यतः खातो एसी. मालक नसताना एसी बंद करून चालत नाही, कारण आत उंची लाकूड, चामडं, रेशमी कापड, चित्रं आणि बाहेर समुद्राची दमट हवा. पावसाळाभर कुलूप लावून ठेवलेलं कोकणातलं घर गणपतीला उघडल्यावर जो वास येतो तो इथे पंधरा दिवसांतच यायला लागेल. नुसती उभी ठेवलेली बोट वापरातल्या बोटीपेक्षा जास्त लवकर बिघडते असं इंजिनियर लोक म्हणतात ते खरंच आहे. पंपाची सील सुकतात, थंड करणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत जीव वाढतात, बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचून त्यात जंतू होतात.

सगळ्या देखभालीचा शत्रू एकच, मीठ. रोज सकाळी डेकहँड (डेकवरचे खलाशी) पूर्ण बोट गोड्या पाण्याने धुतात, मग शॅमीने, म्हणजे पाणी टिपणाऱ्या मऊ फडक्याने, एकेक थेंब टिपतात कारण वाळलेल्या थेंबाचा डाग पडतो, स्टेनलेस स्टीललाही गंजाचे पिवळे ठिपके येतात ते पुसत बसावं लागतं. बुडाला झिंकचे ठोकळे लावलेले असतात, खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजणारच, तर प्रोपेलर झिजण्याऐवजी झिंक झिजू दे अशी ती योजना. डेकवर सागवान, परंपरेने म्यानमारचं, आणि ते दर वर्षी घासून घासून पातळ होतं, शेवटी फळ्यांमधली काळी भरणी वर उठायला लागते आणि मग पूर्ण डेक बदलण्याशिवाय इलाज नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या सागवानावर निर्बंध आले आणि बांधणाऱ्यांनी पर्यायी लाकडं शोधायला सुरुवात केली, पण बऱ्याच मालकांना पायाखाली सागवानच हवं असतं.

रंग हा वेगळाच विषय आहे. आपल्याला जी आरशासारखी गुळगुळीत पांढरी किंवा निळी बाजू दिसते तो पत्रा नाहीच, पत्र्यावर फिलरचा थर भरून तासून सपाट केलेला असतो आणि त्यावर रंग. पुन्हा रंगवायचं तर पूर्ण बोटीला परांची बांधून वरून तंबू घालतात, आत तापमान आणि ओलावा सांभाळतात, आणि मोठ्या बोटीचं बिल लाखो युरोंत सहज जातं. पाण्याखालचा रंग वेगळा, तो जीव चिकटू नयेत म्हणून. पूर्वी त्यात ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन घालायचे, ते समुद्रातल्या शंख-शिंपल्यांना इतकं घातक निघालं की २००८ पासून जगभर बंद झालं. हे सगळं बहुतेक दर पाच वर्षांनी येणाऱ्या क्लासच्या मोठ्या सर्व्हेला (तपासणीला) जोडून करतात. तेव्हा बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी मोजतात, प्रोपेलरचा शाफ्ट ओढून बघतात, समुद्राकडचे सगळे व्हॉल्व्ह खोलतात, नांगराची साखळीसुद्धा जमिनीवर पसरून कडीकडी तपासतात. भूमध्य समुद्रात या कामासाठी बार्सिलोना, पाल्मा आणि मार्सेजवळचं ला सिओता ही मुख्य ठिकाणं, आणि हिवाळ्यासाठी तिथली जागा खूप आधीपासून धरून ठेवावी लागते.

क्रूचं गणित असं की ५० मीटरच्या बोटीवर साधारण दहा-बारा माणसं लागतात. कॅप्टन, अधिकारी, बोसन (डेकहँडांचा मुकादम), डेकहँड, दोन-तीन इंजिनियर, शेफ आणि आतलं सगळं बघणाऱ्या स्ट्यू. नियमाने २४ तासांत १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी, पण पाहुणे पहाटे तीनला पार्टी संपवून सातला नाश्ता मागणार असतील तर कागदावरचे तास आणि खरे तास यात काय फरक पडतो ते विचारू नका. शिवाय दोघादोघांत एक छोटी केबिन, महिनोन्महिने. चांगली माणसं टिकवायला कॅप्टन आणि चीफ इंजिनियरला दोन महिने काम दोन महिने सुट्टी असं रोटेशन देतात, म्हणजे एका जागेला दोन पगार. माझ्या मते पैसे वाचवायला हात घालायची ही सगळ्यात चुकीची जागा, कारण इंजिनरूम ओळखणारा माणूस सोडून गेला की कुठला व्हॉल्व्ह कुठे अडकतो हे ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन हे ठरलेलं चक्र आहे. मध्ये अटलांटिक, तो स्वतःच्या इंजिनावर ओलांडायचा किंवा अर्धवट बुडवता येणाऱ्या मालवाहू जहाजात बोट तरंगत आत घालून न्यायची. वेगाचं गणित निर्दयी असतं, लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे १२ नॉटवरून (ताशी सागरी मैल) १५ वर गेलात की ताकद जवळपास दुप्पट. म्हणून लांबच्या पल्ल्याला सगळेच हळू जातात. नांगर टाकायलाही आता कुठेही चालत नाही, फ्रान्सने २०२० पासून पोसिडोनिया या समुद्री गवताच्या कुरणांवर मोठ्या बोटींना नांगर टाकायला बंदी घातली, एक नांगर ओढला गेला तर शेकडो वर्षांची वाढ उपटली जाते.

खर्च भरून काढायला बोट भाड्याने द्या असं ब्रोकर नेहमी सुचवतात. आठवड्याचं भाडं, त्यावर इंधन-जेवण-बंदर यासाठी साधारण ३० टक्के आगाऊ रक्कम आणि क्रूला टिप, अशी पद्धत आहे. पण बोट भाड्याची म्हणून नोंदवली की नियम वाढतात, झीज वाढते आणि जुलै-ऑगस्टचे आठवडे, जे मालकाला स्वतःलाच हवे असतात, तेच ग्राहकालाही हवे असतात. खर्च हलका होतो एवढंच, नफ्याची अपेक्षा धरू नये.

पैसे थांबले की काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे इंडियन एम्प्रेस. ९५ मीटरची ही बोट डच ओशनको यार्डात २००० साली अल मिरकाब नावाने बांधली, पुढे विजय मल्ल्यांकडे आली आणि मोनॅकोतल्या फॉर्म्युला वनच्या वेळच्या पार्ट्यांसाठी गाजली. मार्च २०१८ मध्ये ती माल्टात अडकवण्यात आली. कारण चाळीसेक जणांच्या क्रूचे, ज्यात भारतीयही होते, सप्टेंबर २०१७ पासूनचे पगार थकलेले, रक्कम दहा लाख डॉलरच्या वर. मल्ल्यांचं म्हणणं होतं की बोट सात वर्षांपेक्षा जास्त काळ आपली नाहीच. गंमत अशी की समुद्री कायद्याला त्याने फरक पडत नाही, दावा मालकावर नसून थेट बोटीवर लागतो, आणि क्रूचा पगार बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. शिवाय २०१७ च्या सुरुवातीपासून मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये अशी तरतूद आली होती की मालकाने क्रूला वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार विमा कंपनी देईल, त्यातून क्रूच्या युनियनने ६ लाख डॉलरच्या वर आधी वसूल केले. बोटीचा लिलाव ४ कोटी ३५ लाख युरोंना झाला, त्या ग्राहकाने पैसे दिले नाहीत, मग सप्टेंबरमध्ये पुन्हा लिलाव होऊन ती साडेतीन कोटी युरोंना गेली. भारतातही आता २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा क्रूच्या पगाराला असाच पहिला मान देतो, आणि अशा जहाज-अटकेचे दावे मुंबई हायकोर्टात चालतात.

मुंबईत स्वतःची मोठी यॉट ठेवणं मात्र वेगळीच कसरत आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, म्हणजे हौस काही नवी नाही, पण गेटवेसमोर बोटी उघड्या पाण्यात मुरिंगला (तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला) बांधून ठेवाव्या लागतात, तिथे धक्क्याची वीज नाही, पाणी बार्जने आणायचं आणि क्रूने डिंगीतून ये-जा करायची. जूनमध्ये पाऊस लागला की गेटवे-मांडवा लाँचसुद्धा बंद होतात, आणि छोट्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवता येतात तसं ४० मीटरच्या बोटीचं करता येत नाही, तिला आडोशाचं बंदर शोधावंच लागतं. त्यामुळे ज्यांना परवडतं ते भारतीय मालक बोट बाहेरच ठेवतात आणि विमानाने तिच्याकडे जातात.