ब्रेक ऑइल जाते कुठे?

जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल कमी झालेले दिसले, म्हणून गळती असेलच असे नाही. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसतसा कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) पिस्टन पुढे सरकून राहतो आणि त्याच्यामागे वाढलेली जागा भरण्यासाठी टाकीतले ऑइल खाली उतरते. म्हणून पॅडची जाडी न पाहता नुसते ऑइल भरून मोकळे होण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत मला धोक्याची वाटते. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल, तर मात्र ऑइल नक्कीच कुठेतरी बाहेर पडते आहे.

खानापूरच्या पावसात गाडीचा खालचा भाग सदा ओलाच असतो. अशा वेळी चाकाच्या आतल्या बाजूचा थेंब बोटावर घेऊन वाटीभर पाण्यात सोडावा. इंजिन ऑइलचा तवंग पसरतो, ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, ए.सी.चे पाणी तर मुळात बुळबुळीतच लागत नाही. इंजिन थंड ठेवणारे कूलंटही पाण्यात मिसळते, पण ते रंगीत असते आणि चाकापाशी सहसा सापडत नाही. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे पत्र्यावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

कॅलिपर ओला असेल, तर बहुधा पिस्टनचे धूळरोधक रबर आधी फाटलेले असते. त्यातून लाल चिखल आणि पाणी आत शिरते, पिस्टन गंजतो आणि त्याचा खरबरीत पृष्ठभाग आतले सील कापतो. होजचा (ऑइलच्या रबरी नळीचा) जोड आणि ब्लीड निपलही (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) तपासावेत.

बाहेर कुठेच ओल नसेल, तर निदान अवघड होते. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून झिरपलेले ऑइल बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) साचते आणि सिलिंडर सोडवल्याशिवाय दिसत नाही. पातळी कायम असताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर सिलिंडरच्या आतील सीलवर संशय घ्यावा. घाट उतरल्यावरच पेडल मऊ लागत असेल, तर कारण वेगळे असू शकते: डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते आणि तापलेल्या ऑइलची वाफ होते.

गळती सापडल्यास गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. ऑइलने भिजलेले पॅड पुसून परत बसवू नयेत. त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलावेत.