एमबॉक्स की मेलडिर: टपालाची एक वही की सुटी पाकिटं?

जुन्या मेलचा बॅकअप उघडला की कधी एकच जाडजूड फाइल निघते, तर कधी हजारो बारक्या फायलींचा फोल्डर. लोक दोन्हीला सरसकट 'मेलबॉक्स' म्हणतात. पहिला प्रकार एमबॉक्स, दुसरा मेलडिर.

एमबॉक्स १९७० च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमपासूनचा. नवं पत्र आलं की ते फाइलच्या शेवटी जोडायचं, बस्स. मग एक पत्र संपून दुसरं सुरू झालं हे कळायचं कसं? ओळ 'फ्रॉम' आणि लगेच मोकळी जागा अशी सुरू झाली, की नवं पत्र. पाठवणाऱ्याचं नाव सांगणारा 'फ्रॉम:' वेगळा; त्याला विसर्गासारखी दोन टिंबं असतात. घोळ होतो तो मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम टुमॉरो' अशी सुरू झाली तर. म्हणून तिच्या आधी '>' हे चिन्ह घुसडतात. जुन्या मेलमध्ये वाक्याआधी उगाच उगवलेला तो बाण दिसतो, तो हाच!

शिवाय मधलं एक पत्र काढायचं तर त्याच्यापुढची सगळी फाइल नव्याने लिहावी लागते. त्याच वेळी नवी मेल येऊन पडू नये म्हणून कुलूप लावायचं. फाइल नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशिनवर असली तर त्या कुलपाचाही भरवसा नसे.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात क्यूमेल या आपल्या मेल-सर्व्हर सॉफ्टवेअरसाठी मेलडिर आणलं आणि कुलूपच काढून टाकलं. दर पत्राची वेगळी फाइल आणि तीन फोल्डर: 'टेम्प', 'न्यू' आणि 'कर' (करंटमधला, टॅक्सचा नव्हे). पत्र आधी 'टेम्प'मध्ये पूर्ण लिहून होतं, मगच 'न्यू'त सरकतं. मध्येच वीज गेली तरी अर्धवट पत्र 'न्यू'त दिसत नाही. वाचल्याची खूण तर फाइलच्या नावातच, शेवटी ':२,एस' अशी.

फायली मात्र बेसुमार होतात आणि शोध रेंगाळतो. म्हणून माझं मत: रोजच्या टपालाला मेलडिर, बासनात बांधून ठेवायला एमबॉक्स. गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय, म्हणजे गुगल टेकआउट, तीही जीमेलची पत्रं एमबॉक्समध्येच देतं.

एकदा मी माझं मेलडिर पेनड्राइव्हवर घेऊ लागलो, तर वाचलेली पत्रं जाईचनात. पेनड्राइव्ह विंडोज पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि तिथे फाइलच्या नावात ती दोन टिंबं चालत नाहीत. शेवटी सगळ्याची एक टार फाइल, म्हणजे अनेक फायलींचं एकच गाठोडं, बांधून नेली.