गिटार कपाटामागे का जाते

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही गिटार आणली. घरात कुणालाच ती वाजवता येत नव्हती, जवळपास शिकवणारं कुणी नव्हतं, आणि बघून बघून शिकेल हळूहळू, असं आम्ही धरून चाललो. चौथ्या दिवशी ती डावा हात पुढे धरून माझ्यासमोर उभी राहिली. तीन बोटांच्या टोकांवर तारेचे लालभडक वळ, एका ठिकाणी बारीकसा फोड. "आई, मला नाही येत गं गिटार," एवढंच म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात गिटार कपाटामागे गेली.

हिला आवड नसेल, असं मीही आधी समजले. मग एका रविवारी गिटार बाहेर काढली, तिच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते मोजलं. (गिटारचे फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच, म्हणून पुढे मी पडदेच म्हणते.) उंची भरली 5 मिलिमीटर. स्टीलच्या तारांची गिटार नीट लावलेली असेल, तर इथे 2 ते 2.5 मिलिमीटर पुरतात. शिवाय दुकानदाराने दिलेली गिटार मोठ्या माणसाच्या मापाची होती. मी लेकीची माफी मागितली. तिची बोटं खरंच सांगत होती ते मी ऐकलं नव्हतं.

तार पडद्याला टेकवायला किती जोर लागेल हे तीन गोष्टींवर ठरतं: तारेचा ताण, तिची उंची आणि दाबायची जागा. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 75 किलो वजनाएवढा असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या दांडीला रात्रंदिवस लटकलेला आहे असं समजा. नायलॉनच्या तारांचा हाच ताण 40 किलोंच्या आसपास असतो. त्यात स्टीलची सगळ्यात बारीक तार जेमतेम 0.3 मिलिमीटर जाडीची, तर नायलॉनची तीच तार 0.7 मिलिमीटरची. जोर जास्त आणि तो पेलणारी जागा कमी, म्हणून सारख्याच उंचीवरची स्टीलची तार बोटात नायलॉनच्या तिपटीहून जास्त रुतते. आठ वर्षांच्या मुलीने सोडून दिलं, यात तिचा काय दोष?

आता जागा. दांडीच्या टोकाशी तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात, तिला नट म्हणतात. तिथे तार घट्ट धरलेली असते, त्यामुळे नटजवळ ती वाकायला तयारच नसते. दोरीवर ओले कपडे वाळत घालताना खांबाजवळ दोरी खाली ओढून बघा आणि मध्यावर ओढून बघा, फरक हाताला कळेल. त्या पट्टीतल्या खाचा पुरेशा खोल नसतील तर पहिल्या पडद्याला दुपटीने जोर लागू शकतो, आणि स्वस्त गिटारींत हे नेहमी आढळतं. आणि नवशिक्याला पहिल्या दिवशी दाखवल्या जाणाऱ्या सगळ्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, कुठे असतात? पहिल्या तीन पडद्यांत. तिथे पडद्यांमधलं अंतरही सगळ्यात जास्त. तारेची वाजती लांबी 65 सेंटिमीटर असेल तर पहिला पडदा नटपासून 3.6 सेंटिमीटरवर येतो. पुढचा प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या हिश्शावर, म्हणून अंतर कमी कमी होत जातं आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर पडतो. हे मुलांकडून पट्टीने मोजून घ्या. आम्ही ते अंकगणिताच्या वहीत लिहिलं आणि 32.5 आल्यावर लेक खुश झाली.

वाद्य बदलणं शक्य असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना पाऊण मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार द्यावी. दुसऱ्या महायुद्धाआधी या गिटारला जनावराच्या आतड्याच्या तारा असत. युद्धात आतड्याचा धागा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला, तारा मिळेनात, आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. त्या रूढ झाल्या स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हिया यांच्यामुळे. विसाव्या शतकातला हा थोर गिटारवादक बहुतांशी आपला आपणच शिकला होता, हे मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. एक मात्र जपा: नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तेवढा ताण तिला पेलत नाही, घोडी (वरच्या फळीवर तारा जिला बांधलेल्या असतात ती पट्टी) उपटून येते.

आहे तीच गिटार वापरायची असेल तरी मार्ग आहेत. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636 साली तारांचे नियम लिहून ठेवले. त्यातला एक असा की तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. याचा घरगुती उपयोग बघा. सगळ्या तारा दोन पडद्यांएवढ्या उतरवल्या तर कंपनसंख्या सुमारे 11 टक्क्यांनी खाली येते, पण ताण तब्बल 20 टक्क्यांनी उतरतो. सूर पुन्हा मूळ जागी हवा असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावायचा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. तो तारा पडद्यावरच टेकवून ठेवतो, त्यामुळे उंच नटचा त्रासही संपतो. आम्ही तर तिसऱ्या पडद्यावर लावला. 65 सेंटिमीटरची तार साडेचोपन्नची झाली, पडदे जवळ आले, आणि सूर वर चढल्यामुळे गाणं तिच्या पट्टीत बसलं. लहान मुलांचा आवाज वरच्या पट्टीतला असतो, हे आपण गिटार शिकवताना विसरून जातो.

कातडीचं काय? दाब पुन्हा पुन्हा पडला की वरचा थर केराटिन साठवून जाड होतो. सतारवाले याला घट्टे म्हणतात. याला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मध्ये विश्रांती लागते. एकाच बैठकीत तासभर घासलं तर घट्ट्याऐवजी फोड येतो. आंघोळीनंतर लगेच वाजवायला बसवू नका, कातडी भिजून मऊ झालेली असते. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, आणि बोट पडद्याच्या अगदी मागे, नटच्या बाजूला टेकलेलं हवं. दोन पडद्यांच्या मधोमध दाबलं तर तार थडथडते आणि मूल आणखी जोर लावत बसतं.

पहिल्या दिवशी काय वाजवायचं, याबद्दल माझं मत ठाम झालंय. सहा तारा विसरा. सगळ्यात खालच्या, बारीक तीन तारा घ्या. त्या मोकळ्या छेडल्या की जी, बी आणि ई हे सूर वाजतात, म्हणजे ई मायनर कॉर्ड. बोट न लावता! आता खालून दुसरी तार पहिल्या पडद्यावर दाबा, सी मेजर झाली. ती सोडून सगळ्यात खालची तार तिसऱ्या पडद्यावर दाबा, जी मेजरचे सूर आले. एका बोटात दोन कॉर्ड आणि शून्य बोटांत एक. मी स्वयंपाकघरातून केरव्याचा ठेका टाळीने धरायचे, आठ मात्रा, आणि ती आठ मात्रांनी कॉर्ड बदलायची. हे संगीत आहे, सराव नाही, असं तिचं तोंडच सांगत होतं. पुरी सहा तारांची कॉर्ड ती दोन महिन्यांनी शिकली, तोवर उजव्या हाताला लय सापडली होती.

किती वेळ बसवायचं? ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी हा प्रश्न तपासला होता, ते निष्कर्ष 1978 साली प्रसिद्ध झाले. एका गटाला दिवसाला एकच तास दिला, दुसऱ्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. एक तासवाले एकूण कमी तासांत तेवढंच शिकले. गंमत म्हणजे समाधानी होते ते रोज चार तास बसणारे, कारण त्यांचे दिवस कमी लागत होते. पालकाचंही असंच होतं. रविवारी दोन तास बसवलं की आपल्याला बरं वाटतं, आणि मुलाच्या हाताला रोजची दहा मिनिटंच हवी असतात. आमच्याकडे शाळेतून आल्यावर दहा आणि झोपण्याआधी पाच असं बसलं. गिटार कपाटात न ठेवता दिवाणखान्यात खुंटीला टांगली, त्याने वेळापत्रकाहून जास्त काम केलं.

एवढ्याने मेंदूत काही घडतं का? थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1995 साली तंतुवाद्यं वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूची मापं घेतली. त्यात एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा भाग न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठा निघाला, आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली त्यांच्यात तो अधिक वाढलेला होता. एरवी आपण जिला काही कामच देत नाही, त्या करंगळीतही हे दिसलं. नऊ माणसं म्हणजे थोडीच, पण मला त्या करंगळीचं फार कौतुक वाटतं.

मनगट दुखत असेल, किंवा सहा महिन्यांनी गाडी एकाच जागी अडली असेल, तर जाणकाराला एकदा हात दाखवून यावं. तेवढ्यापुरतं शिक्षक हवेच.

सुरात लावणं मात्र पहिल्या आठवड्यापासून मुलाकडे सोपवा. फोनवरचा ट्यूनर आहेच, पण कानाने लावायची युक्ती त्याहून मौल्यवान आहे. सगळ्यात वरची जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचाच सूर निघतो, सेकंदाला 110 कंपनं. दोन्ही एकदम छेडा. एक 110 आणि दुसरी 108 असेल तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. फरक कमी झाला की या लाटा संथ होतात, आणि सूर जुळला की थांबतात. तंबोरा लावणारा याच लाटा ऐकत असतो. अशीच एकेक तार पुढच्या तारेशी जुळवायची. फक्त जी आणि बी या जोडीला पाचव्याऐवजी चौथा पडदा धरायचा.

जुलैत पावसाने जोर धरला आणि आमची गिटार बिघडली. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, लाकूड ओलावा पिऊन फुगतं, वरची फळी किंचित उचलली जाते आणि तिच्यावर बसलेल्या घोडीबरोबर ताराही उंच होतात. चार महिने तिला खुंटीवरून उतरवून पिशवीत ठेवतो, सोबत नव्या चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. तरी सूर हलतोच. परवा संध्याकाळी लाईट गेले होते, लेक अंधारात गिटारची तार ताणणारी खुंटी पिळत बसली होती. सूर वर गेला म्हणून तिने तार आधी पूर्ण खाली उतरवली आणि खालून पुन्हा चढवत आणली. खुंटीच्या दातांमधली ढिलाई अशानेच भरून निघते आणि तार नंतर घसरत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वँव-वँव करणारी लाट लांबत गेली, आणखी लांबली. "थांबली," ती म्हणाली आणि शेजारच्या तारेकडे वळली.