कोथळ्यात उरलेलं शिसं

गोळी हरणाच्या एका बाजूने शिरली, दुसऱ्या बाजूने गेली, विषय संपला, असं शिकारी पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. मेलेल्या हरणाचा एक्स-रे काढला तर वेगळंच दिसतं. गोळी ज्या वाटेने गेली तिच्याभोवती पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे गोळीतल्या शिशाच्या कणांचा, सडा पडलेला असतो. काही ठिपके जखमेपासून चांगले वीतभर लांब. बरेचसे इतके बारीक की मांस साफ करताना डोळ्यांना दिसत नाहीत आणि खाताना दातांनाही लागत नाहीत.

शिसं जड, मऊ आणि 327 अंशांनाच वितळणारं, म्हणून गोळ्या ओतायला सोयीचं. रायफलच्या शिकारी गोळीत बाहेर तांब्याचं पातळ कवच आणि आत शिशाचा गर असतो. हाडामांसावर आदळताच तिचं टोक अळंबीसारखं फुलतं. जनावर लवकर मरावं म्हणून ती तशीच बनवलेली असते. पण फुलताना ती झडतेही.

शिकारी मांस घेऊन जातो, कोथळा रानातच टाकतो. त्यावर गरुड येतात, डोमकावळे येतात, आणि अमेरिकेच्या पश्चिमेला कॅलिफोर्निया काँडोर हे प्रचंड गिधाड येतं. 1982 मध्ये हे पक्षी जगात अवघे 22 उरले होते. पिंजऱ्यात वाढवून ते पुन्हा रानात सोडले, आणि तिथे त्यांना सर्वांत जास्त मारलं ते शिशाने. पोटातल्या तीव्र आम्लात कण विरघळतात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडांतही साठवतं. रक्त तयार होण्याची साखळी तुटते, नसा लुळ्या पडतात, अन्न पुढे सरकत नाही. गळ्याची पिशवी गच्च भरलेली असताना पक्षी उपाशी मरतो.

हे शिसं रंगातून किंवा पेट्रोलमधून आलं नसेल कशावरून? वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात समस्थानिकांचं, म्हणजे शिशाच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण वेगवेगळं असतं, तीच त्याची खूण. काँडोरच्या रक्तातली खूण काडतुसांतल्या शिशाशी जुळली, तेव्हा संशयाला फारशी जागा उरली नाही.

माणसाच्या ताटाचंही पाहायला हवं. 2008 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटण्यासाठी आलेल्या हरणाच्या खिम्याच्या पाकिटांचे एक्स-रे काढले, तर निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण निघाले. यंत्रातून काढलेल्या खिम्यात एक तुकडा कुठवर पसरेल सांगता येत नाही.

कायदे आले, पण एका चालीने नाही. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. डेन्मार्कने छर्रे 1996 मध्येच बंद केले होते, रायफलच्या गोळ्या 2024 मध्ये. ब्रिटनने 2025 च्या जुलैत बंदी जाहीर केली आणि तीन वर्षांची मुदत दिली. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा प्रकार मात्र हसावं की रडावं असा. संरक्षित वन्यजीव क्षेत्रांत शिसं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, 19 जानेवारी 2017 ला निघाला. 2 मार्चला नव्या मंत्र्यांनी पदावर आल्या आल्या तो रद्द केला.

शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरा म्हटलं की शिकारी कुरकुरतात, आणि त्यांच्या तक्रारी सगळ्याच पोकळ नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या नळीतल्या आट्यांचा पीळ तिला नीट फिरवू शकेलच असं नाही. फुलायला तिला वेगही जास्त लागतो, म्हणजे लांबचा नेम पुन्हा तपासायला हवा. लहान, .22 इंच व्यासाच्या काडतुसांत तर चांगला पर्याय सापडणं अजून अवघड. पण तांब्याच्या गोळीने जनावर मरत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. तिच्या पाकळ्या उलगडतात, सहसा तुटत नाहीत, आणि जनावरातून काढलेल्या गोळीचं वजन जवळजवळ मूळचंच भरतं.

ॲरिझोनाने बंदीच्या वाटेला न जाता 2005 पासून काँडोरच्या टापूतल्या शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसं फुकट द्यायला सुरुवात केली. बहुतेकांनी ती घेतली. तरीही जो शिसंच वापरेल त्याने निदान कोथळा उचलून आणावा, अशी विनंती असते, आणि आणला की बक्षिसाच्या सोडतीत त्याचं नाव पडतं.