धान्यबुरशी नियंत्रण (वनस्पतिजन्य अर्कांनी)

साठवणीच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशींना वनस्पतींतील द्रव्यांनी आळा घालण्याची पद्धती. ॲस्परजिलस, पेनिसिलियम व फ्युजेरियम या प्रमुख उपद्रवी प्रजाती होत. ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार करते. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल भागांत बुरशी धरलेला मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे, बहुतांशी आदिवासी, दगावली.

कणगीत कडुलिंबाचा पाला किंवा बिब्बे घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा काळ निश्चित सांगता येत नाही. ही चाल मुळात बुरशीविरोधी होती, असे काही लेखक मानतात. मात्र पाला सोंड्यांसारख्या किडींसाठी असे आणि बुरशीवरचा उपाय कडक उन्हात वाळवणे हाच असे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अर्थात दोहोंत संबंध आहे. किडीच्या श्वसनाने धान्य तापते व दमट होते, पोखरलेल्या दाण्यात बुरशी सहज शिरते; त्यामुळे कीड रोखणारा पाला अप्रत्यक्षपणे बुरशीही रोखत असावा. या संदर्भात कडुलिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीवरील आणि भारतातील पूर्वापार वापराच्या आधारे आव्हान दिल्या गेलेल्या युरोपीय पेटंटचा (मंजुरी 1994, रद्द 2000, अपील फेटाळले 2005) दाखला दिला जातो, पण ते वनस्पतींवरील बुरशीविषयी होते; साठवणीच्या परंपरेचा तो पुरावा ठरत नाही.

लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व गवती चहातील सिट्रल ही द्रव्ये बुरशीच्या पेशीपटलाला इजा करतात. कडुलिंबाच्या पानांची क्रिया वेगळी आहे. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पानांच्या अर्काने ॲस्परजिलस पॅरासिटिकस या अफ्लाटॉक्सिन तयार करणाऱ्या दुसऱ्या बुरशीची वाढ फारशी थांबली नाही, मात्र विषनिर्मिती जवळजवळ बंद पडली. म्हणजे बुरशी दिसते की नाही एवढ्यावरून अर्काची पारख करणे चुकीचे ठरते. विषाचे मापन करावेच लागते.

प्रयोगशाळेतील बशीत प्रभावी ठरलेली मात्रा कोठारात बहुधा अपुरी पडते, कारण धान्यातील स्टार्च, प्रथिने व तेल अर्कातील द्रव्ये शोषून घेतात. पाण्यात काढलेला अर्क धान्यावर फवारल्यास ओलावा वाढून बुरशीलाच बळ मिळते. ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आसपास राखणे ही पूर्वअट आहे. बाष्परूपाने वापरलेल्या सुगंधी तेलांत ही अडचण नसते, मात्र वास धान्यात उतरतो. म्हणून ती खाण्याच्या धान्यापेक्षा बियाण्यासाठी अधिक सोयीची मानली जातात. तयार झालेले विष मात्र अशा अर्काने धान्यातून निघून जाते असे समजू नये.