पळणाऱ्या मुलाच्या हातात कॅमेरा नसतो

“शनिवारी किती वेळ खेळलास?” असं सातवीतल्या मुलाला मंगळवारी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: “खूप.” मूल थापा मारत नसतं. खेळ मिनिटं मोजत लक्षात राहत नाही, एवढंच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस सांगते. ती होते का, होत नसेल तर कुठे अडते, मूल खातं काय, हे नुसत्या प्रश्नावलीतून फारसं हाती लागत नाही. म्हणून कॅमेराच मुलांकडे सोपवायचा, आणि त्यांच्याच फोटोंवरून त्यांना बोलतं करायचं. या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात. कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी ती १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांमधल्या स्त्रियांबरोबर घडवली. पुढे ती मुलांपर्यंत पोचली. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये असो की वागळे इस्टेटच्या चाळीत, घरातला एक जुना फोन तिला पुरतो.

“मोबाइलमुळेच मुलं बसून राहतात, आणि उपाय म्हणून पुन्हा मोबाइलच?” ही पालकांची शंका रास्त आहे. उत्तर मेंदूच्या कामात सापडतं. आठवणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘काल काय खाल्लंस?’ विचारलं की मेंदूला जवळजवळ खुणेशिवाय शोध घ्यावा लागतो. डब्याचा फोटो समोर ठेवला की खूण मिळते, आणि तिच्या मागोमाग फोटोत नसलेलंही बाहेर येतं: भाजी मित्राने संपवली, डबा उशिरा उघडला, त्यामुळे मैदानावर जायला पाचच मिनिटं उरली.

मात्र कॅमेरा आठवण पुसतोही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला लावले. फोटो काढलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं होतं, तिथे आठवण शाबूत राहिली. झूम करताना नेमकं काय घ्यायचं हे ठरवावं लागतं, म्हणून लक्ष त्या वस्तूवरच राहतं. २०१४ साली छापून आलेल्या या प्रयोगातून आपल्याला नियम मिळतो: फोटो मोजकेच, आणि प्रत्येक जवळून. शाळेचे दोन दिवस आणि एक रविवार, रोज ४, एकूण १२. तीन दिवसांत फोन हातात राहतो तो मोजक्या मिनिटांपुरताच. सरसकट चाळीस फोटो काढणाऱ्या मुलाकडे बोलायला काहीच उरत नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याचीच. संध्याकाळच्या उजेडात फोन शटर १/३० सेकंद उघडं ठेवतो. सेकंदाला ३ मीटर पळणारं मूल तेवढ्यात १० सेंटीमीटर सरकतं, आणि चेहऱ्याच्या जागी रेघोट्या उमटतात. शिवाय जो पळतोय त्याच्या हातात फोन नसतोच. म्हणून अशा बारा फोटोंत बसणं जास्त दिसतं, खेळणं कमी. या फोटोंनाच आकडे समजून चार्ट काढणं साफ चूक. मुलांना पळणारा माणूस नव्हे, खेळाच्या खुणा टिपायला सांगा: मैदानाच्या कडेला काढलेल्या चपला, सोसायटीतली ‘बॉल खेळण्यास मनाई’ची पाटी, लिफ्टचं बटण, उपवन तलावाकाठचा मोकळा कट्टा.

तिसरी चूक मोठ्यांची. ‘आरोग्यदायी सवयींचे फोटो’ अशी सूचना दिली की सफरचंदांची रास लागते, वडापाव गायब होतो. त्याऐवजी ‘नेहमीचं’ आणि ‘अडचणीचं’ हे दोनच शब्द वापरा. ताटाचा फोटो ४५ अंशांतून घ्यायचा. सरळ वरून घेतला तर वाटीची खोली दिसत नाही. बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेवलं की मोजमाप मिळतं, कारण त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. जेवल्यानंतर पुन्हा एक फोटो. फोटोवरून कॅलरी सांगणाऱ्या ॲपच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. भाजीत तेल किती मुरलंय ते लेन्सला दिसत नाही. आणि ताटाच्या फोटोला नजर लागते ही भीती तर मुळीच बाळगू नका. गुटगुटीत म्हणजे सुदृढ, हा समज मात्र खरंच घातक आहे.

मग प्रत्येकाने ३ फोटो निवडायचे आणि पाच-सहा जणांच्या गटात बोलायचं. इथे दिसतंय काय? खरं काय घडतंय? आपल्याशी याचा काय संबंध? असं का आहे? आपण काय करू शकतो? चौथ्या प्रश्नाला घाई नको. पाटीचा फोटो ‘मी आळशी’वरून ‘आमच्या पोडियमवर सगळी गाड्यांची पार्किंग’वर इथेच सरकतो. शेवटी एक जास्तीचा प्रश्न विचारायचा: कशाचा फोटो काढला नाहीस, का? पळापळीचे, भांडणाचे, लाजेचे विषय तिथे सापडतात.

सुरू करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. ओळखू येणारे चेहरे नकोत, कुणाच्या शरीराचे फोटो नकोत, वजनावर चर्चा नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास फाइलमध्ये तसंच राहतं. निवडलेले फोटो ४ बाय ६ इंचांत छापून, खाली मुलाचंच एक वाक्य लिहून सोसायटीच्या कमिटीपुढे किंवा शाळेच्या पालकसभेत लावा. नंतर छापील प्रती मुलांना द्या आणि फोनमधले फोटो ट्रॅशमधूनही काढा. बहुतेक फोनमध्ये ते तिथे महिनाभर तरी पडून असतात.