शिकागोच्या आरशातले न दिसणारे जोड

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ हे शिल्प पाऱ्याचा एखादा प्रचंड थेंब जमिनीवर टेकावा तसे दिसते. त्याच्या छायाचित्रासोबत ‘एकसंध ओतलेले पोलाद’ किंवा ‘गुप्त मिश्रधातू’ असला मजकूर अधूनमधून मोबाइलवर येऊन पडतो. यातले काहीही खरे नाही. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे हे शिल्प स्टेनलेस स्टीलच्या १६८ प्लेट वेल्डिंगने जोडून केलेले आहे. त्याची लांबी सुमारे २० मीटर, उंची १० मीटर आणि वजन १०० टनांच्या घरात असून सगळ्या जोडांची लांबी एकत्र धरली तर ती पाऊण किलोमीटरच्या जवळ जाते. २००४ मध्ये उद्यान खुले झाले तेव्हा शिल्प अपुरे होते आणि प्लेटमधील जोड लोकांना स्पष्ट दिसत होते. ते नाहीसे करण्याचे काम पुढचे वर्षभर तंबू उभारून चालले, आणि २००६ मध्ये शिल्पाचे औपचारिक लोकार्पण झाले.

जोड घासून गुळगुळीत करण्यात एवढे अवघड काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरी अडचण घासण्याच्या आधीच, म्हणजे वेल्डिंगच्या वेळी निर्माण होते. एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात मी ती जवळून पाहिली आहे. कारागिराने स्टीलच्या दोन प्लेट शेजारी ठेवून आधी ठरावीक अंतरावर टाके मारले, मग रॉड चालवला, आणि धातू निवत गेला तशी ती सपाट जोडी मधोमध मुडपून, उघड्या पुस्तकाच्या पानांसारखी दोन्ही कडांनी वर उचलली गेली. ‘स्टील ओढतं,’ एवढेच तो म्हणाला.

हे ओढणे म्हणजे काय? सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळलेले स्टील नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत लांबीत अंदाजे अडीच टक्के आकसू पाहते, पण भोवतालचा थंड धातू त्याला मोकळेपणाने आकसू देत नाही. शिवाय जोडालगतचा भाग तापताना पसरायला जागा न मिळाल्यामुळे आधीच दाबला जाऊन कायमचा आखूड झालेला असतो, त्यामुळे निवल्यावर तो शेजारच्या धातूला आपल्याकडे खेचत राहतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ही खोड अधिक असते, कारण साध्या पोलादाच्या तुलनेत ते उष्णतेने जवळपास दीडपट पसरते आणि उष्णता मात्र सुमारे एक तृतीयांश वेगानेच पुढे वाहू देते. त्यामुळे ताप एका अरुंद पट्ट्यात कोंडून राहतो. त्यातच जोडासाठी इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडून थरावर थर भरले, तर वर धातू जास्त आणि खाली कमी राहतो. वरची बाजू जास्त आकसते आणि प्लेट मुडपते.

क्लाउड गेटसाठी कीहोल वेल्डिंगची यंत्रे वापरली गेली, ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. या पद्धतीत, सहसा अरुंद तोंडातून दाबून सोडलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूच्या झोताने, प्लेटला आरपार भोक पडते. झोत पुढे सरकतो तसे भोकही पुढे सरकते, आणि वितळलेला धातू त्याच्या दोन्ही कडांनी वाहत मागे येऊन ते बुजवतो. हा रस खाली गळून पडत नाही, कारण पाण्याच्या थेंबाला गोल ठेवणारे पृष्ठताणच त्यालाही धरून ठेवते. सुमारे १० मिलिमीटर जाडीची प्लेट अशा रीतीने एकाच फेरीत जोडता येते, आणि जोडाची रुंदी वरपासून खालपर्यंत बरीच सारखी राहते. आकसणे टळत नाही, पण दोन्ही बाजू जवळपास सारख्याच आकसल्यामुळे मुडपणे पुष्कळ कमी होते.

एवढी काळजी घ्यावी लागते, कारण आरसा चूक दुप्पट करून दाखवतो. पृष्ठभाग जितक्या अंशांनी कलतो त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो, हे शाळेत शिकलेले सर्वांना आठवत असेल. जोडाजवळ पृष्ठभाग केवळ एक दशांश अंशाने कलला, तरी ३०० मीटरवरच्या इमारतीची सरळ कड सुमारे एका मीटरने सरकलेली दिसते. म्हणून गाळ्यातला अनुभवी कारागीर जोडावरून नुसते बोट फिरवून थांबत नाही. तो पॉलिश झालेल्या पत्र्यात छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहतो.

पॉलिश पाच टप्प्यांत झाले. शेवटच्या टप्प्यात जी लाल पूड वापरली, ती लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे गंजाची सख्खी चुलत बहीण! स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे, आणि तो ओरखडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो. दिल्लीच्या लोहस्तंभाचे रक्षण करणाऱ्या थराचे श्रेयही त्यातील फॉस्फरसला जाते, हरवलेल्या कोणत्याही दिव्य विद्येला नाही.

जोड नाहीसे झाले तरी धातूचे पसरणे थांबत नाही. शिकागोच्या कडक हिवाळ्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत धातूच्या तापमानात ६० अंशांचा फरक धरला, तर २० मीटर लांबीत जवळपास दोन सेंटिमीटरांची वाढ होते. त्यामुळे बाहेरचे कवच आतल्या सांगाड्याला घट्ट न जखडता लवचीक जोडण्यांनी बांधले आहे, आणि खाली उभे राहून स्वतःचे वेडेवाकडे प्रतिबिंब पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ते ऋतूनुसार हळूहळू फुगते आणि आकसते.